शेडग्यांच्या पाठीचं दुखणं

मल्हारी शेडग्यांबद्दल लिहायचं तर आधी माझ्या दारावरच्या पाटीबद्दल लिहावं लागतं, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. पाटीवर ‘डॉ. साधना गोवंडे’ असं आहे. ही डॉक्टरकी संख्याशास्त्रातली. पुण्यात सहा वर्षं डोकं घासून मिळवलेली, त्यामुळे पाटीवरचं ‘डॉ.’ खोडायला मी कधीच तयार नव्हते. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत एकशे वीस घरं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी शुगर, बीपी नाहीतर नातवाचे जुलाब विचारलेले आहेत. सुरुवातीला मी सांगायचे, "मैं वो वाली डॉक्टर नहीं हूँ." मग सांगायचा कंटाळा आला. आणि खरं बोलायचं तर, लोकांनी विचारलेलं मला आवडायला लागलं. आम्हा पुणेकरांना सल्ला द्यायला त्या विषयातली पदवी लागतेच असं नाही.

शेडगे आमच्या सोसायटीचे सिक्युरिटी सुपरवायझर. मूळ गाव साताऱ्याकडे, माण तालुक्यात. अठराव्या वर्षी सैन्यात गेले, सत्तावीस वर्षं देशभर फिरले आणि नायब सुभेदार होऊन दिल्ली कँटोन्मेंटातून निवृत्त झाले. मुलगा राजवीर तेव्हा इथल्या शाळेत होता, म्हणून दोन वर्षं थांबू म्हणाले आणि राहूनच गेले. पालमला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, तिथून सायकलवर सोसायटी. सकाळी साडेसहाला गेटवर हजर, दाढी गुळगुळीत, बूट चकाचक. नव्या गार्डांना पहिल्याच दिवशी ओळीत उभं करून ते आधी बूट बघत. आमच्याकडे कुत्रेवाले आणि कुत्र्यांविरुद्धवाले असे दोन पक्ष आहेत, त्यांच्यात पोलीस बोलावण्यापर्यंत भांडणं व्हायची. शेडग्यांनी दोघांना बागेच्या वेगवेगळ्या वेळा ठरवून दिल्या आणि फळ्यावर लिहून टाकल्या. नंतर कुणाची कुरकुर ऐकू आली नाही. कमिटीच्या रिटायर्ड सेक्रेटरीसाहेबांना जे तीन वर्षांत जमलं नव्हतं, ते या माणसानं खडूनं केलं.

ते मराठी आहेत हे मला कळलं त्याचीही गंमत आहे. मी गेटपाशी उभी राहून फोनवर माझ्या नवऱ्याला, उल्हासला, झापत होते. त्यानं गॅस बुक केला नव्हता. दिल्लीत मराठीतून भांडायची एक सोय असते, आजूबाजूला कुणाला कळत नाही, त्यामुळे मी मनसोक्त बोलत होते. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "मॅडम, साहेबांना जरा दमानं घ्या. गडी चांगला वाटतो." तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांची बायको गिरिजा तर त्यांच्याही वरचढ. ठेंगणी, सावळी, आणि हात असे की एकदा दोन भाकरींचं पीठ मळताना परात सरकू नये म्हणून मला धरायला लावली होती. कँटोन्मेंटातल्या क्वार्टरांमध्ये कुणी बाळंत झालं की गिरिजाबाईला बोलावणं यायचं. पंजाबी असो, तामीळ असो, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायचं ते तिनंच. "निम्मी कँट माझ्या पायावर आंघोळ करून मोठी झालीय, ताई," असं ती सांगायची आणि दोन्ही तळहात पुढे करून दाखवायची. शेडग्यांना त्यांच्या उंचीचा अभिमान होता, भरतीच्या वेळी एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर भरलो आणि आजही तेवढाच आहे म्हणायचे. गिरिजाला हातांचा.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नोएडातल्या एका कंपनीत मी आजारांच्या आकडेवारीचं काम करते. द्वारकेहून तिथे जायला मेट्रोत सव्वा तास लागतो, तेवढ्यात एक तक्ता तपासून होतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्याकडे रक्ताच्या एका कॅन्सरचं काम होतं. मल्टिपल मायलोमा त्याचं नाव. हाडांच्या मगजात ज्या पेशी रक्तासाठी तयार होतात, त्यातल्या काही बिघडतात, वाढतात आणि हाड आतून पोखरतात. पाठ दुखते, रक्त कमी होतं, किडनीवर ताण येतो. हा आजार सगळ्या वंशांच्या लोकांत सारखा होत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांत तो गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतो, आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्यांहूनही कमी. भारतातल्या नोंदी पाहिल्या तर आकडा आणखी खाली. हे सगळं मी एका तक्त्यात बसवलं होतं. आणि तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, मीच एक टीप लिहिली होती: नोंद कमी म्हणजे आजार कमी असेलच असं नाही, जिथे तपासणीच होत नाही तिथे आजार सापडतही नाही.

जानेवारीतला एक रविवार होता. दिल्लीत त्या महिन्यात ऊन निघालं की अख्खी सोसायटी बागेत येऊन बसते. मी बाकावर मटार सोलत होते. शेडगे आले, टोपी काढून उभे राहिले.

"मॅडम, जरा खासगी विचारायचंय."

"बसा की."

ते बसले नाहीत. तीन महिने पाठ दुखतेय, म्हणाले. रात्री कूस बदलता येत नाही. बी विंगचा जिना चढला की दम लागतो. माजी सैनिकांच्या दवाखान्यात दाखवलं, तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं रक्त बघितलं आणि एक चिठ्ठी दिली. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या, पाठीचा फोटोही काढा, असं लिहिलं होतं.

"ती म्हणाली, अंकल, एक ब्लड कॅन्सर होता है, वो नहीं है ना, बस इतना देख लेते हैं." कॅन्सर हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला की मला त्यांच्या ओठांवरून कळला. "गिरिजाला सांगितलं नाही अजून. तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

चिठ्ठीवरचं तपासणीचं नाव वाचलं आणि मला काय झालं ते जसंच्या तसं सांगते. मला आनंद झाला. माझ्या तक्त्यातला आजार माझ्या बाकापाशी चालत आला होता आणि मला त्यातलं सगळं ठाऊक होतं. समोरचा माणूस पांढराफटक पडलाय याकडे माझं लक्षच गेलं नाही.

"सुभेदार, हा आजार आपल्यात नसतो हो," मी म्हटलं. "म्हणजे असतो, पण अगदीच कमी. अमेरिकेत कृष्णवर्णीय लोकांत सगळ्यात जास्त, मग गोऱ्यांत. आपल्या लोकांत तर लाखात एखादा. ती मुलगी नवी आहे, पुस्तकातलं सगळं लिहून देते. तुम्ही बारा-बारा तास उभे असता, पाठ दुखणार नाही तर काय?"

"मग टेस्ट नको?"

"मी असते तर नसती केली."

ते ताठ झाले. "येस मॅडम," म्हणाले. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. "बिल्कुल हलकं वाटलं बघा." आणि गेटकडे गेले. मी उरलेले मटार सोलले.

आमच्या ऑफिसात नवीन मुलं येतात, त्यांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घोकून घेते. लाखात एक हा आकडा लाख लोकांबद्दल असतो. ज्याची पाठ तीन महिने दुखतेय, ज्याचं रक्त कमी झालंय आणि ज्याला डॉक्टरनं तपासायला सांगितलंय, तो माणूस त्या लाखातला सरसकट माणूस राहिलेलाच नसतो. त्याला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. हे मी फळ्यावर लिहून शिकवते. शेडग्यांना मी तक्ता सांगितला आणि खालची टीप गिळली. दुसरा कुणी असता तर दोन ठिकाणी विचारून आला असता. पण हा फौजी माणूस. वरच्यानं सांगितलं की विषय संपला. मी त्यांच्या वरची नव्हते, पण पाटी तसं सांगत होती.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, त्याला गिरिजा आली होती. दारातच म्हणाली, "ताई, हे सांगत होते, तुम्ही पाठ बघितलीत म्हणे. काही नाही ना?"

"काही नाही हो. स्नायू आखडलेत. तुमच्या हातात एवढी कला आहे आणि नवरा पाठ धरून फिरतो? चांगलं दणकून चोळा रोज."

दणकून. हा शब्द माझा. तिनं तिळगूळ घेतला, हसली, आणि त्या रात्रीपासून तिळाचं तेल कोमट करून रोज त्यांची पाठ चोळायला लागली.

पुढचे दहा महिने मी आंधळी नव्हते. हे लिहायला हवं, कारण मला तसं म्हणायचा फार मोह होतो. एप्रिलमध्ये त्यांनी सायकल सोडली आणि ई-रिक्षानं यायला लागले. पावसाळ्यात फेऱ्या मारणं बंद झालं, गेटजवळ खुर्ची आली. सप्टेंबरात मला दिसलं की युनिफॉर्मचा शर्ट त्यांना लांब होतोय. माणूस बारीक झाला की शर्ट रुंद होतो, लांब होत नाही. हे माझ्या डोक्यात एकदा येऊन गेलं. मी म्हटलं, "सुभेदार, तब्येत सांभाळा हं," आणि मेट्रो गाठायला पळाले. मनात कुठेतरी ती चिठ्ठी होती, पण आता काढायची म्हणजे मी चुकले होते हे काढायचं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजा त्यांची पाठ चोळत असताना कट्कन आवाज झाला. तिच्या अंगठ्याखाली झाला. शेडगे ओरडले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत गोळीचा आवाज ऐकलेला तो माणूस असा ओरडला की घरमालक जिना उतरून धावत आले. पायांना मुंग्या आल्या, उभं राहता येईना. सैन्याच्या हॉस्पिटलात नेलं. आठवड्याभरात सगळं कळलं. मायलोमा. पाठीचे दोन मणके चेपले होते, किडन्याही थकल्या होत्या. तिथे उंची मोजली तेव्हा एकशे चौसष्ट भरली.

निदान कळल्याच्या तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. ते पडून होते, गिरिजा स्टुलावर. तेवढ्यात राजवीरचा फोन आला. राजवीरही सैन्यात आहे, तेव्हा ईशान्येकडे पोस्टिंग होतं. फोन स्पीकरवर होता.

"आई, पाठ चोळायला तुला सांगितलं कुणी?"

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, हातात सफरचंदांची पिशवी. आता माझं नाव येणार, मला वाटलं.

"ताईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण त्या हलक्या हातानं म्हटल्या होत्या. मीच जोर लावला."

"तुझ्या हाताला कधी मापच नव्हतं," राजवीर म्हणाला. पुढेही बरंच बोलला. शेवटचं वाक्य होतं, "बाबांना तू मोडलंस." फोन बंद झाला.

त्या वेळी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: थांब, मी हलक्या हातानं म्हटलं नव्हतं. आणि त्याआधी दहा महिने मीच तपासणी थांबवली होती. ही दोन वाक्यं. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि गिरिजाच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिचं सांत्वन केलं. माझ्या आयुष्यात मी याहून नीच काही केलं नसेल.

डॉक्टरांनी गिरिजाला सांगून पाहिलं होतं. "माताजी, हड्डी अंदर से खोखली थी. खाँसने से भी टूट सकती थी." पण डॉक्टर धीर द्यायला तसं म्हणणारच, असं तिनं ठरवून टाकलं. आवाज तिनं ऐकला होता ना. त्यानंतर तिनं नवऱ्याच्या अंगाला हात लावणं सोडलं. घरी आल्यावर शेडगे स्टुलावर बसून आंघोळ करायचे आणि ती पाणी ठेवून दाराबाहेर उभी राहायची. पाठीला साबणसुद्धा लावायची नाही. राजवीर रोज वडिलांना फोन करायचा. आईला द्या असं एकदाही म्हणाला नाही.

मी काय करत होते? सूप करत होते. भाज्यांचं, मुगाचं, शेवग्याचं. दर रविवारी डबा घेऊन पालमला जायचे. त्यांच्या फाइली लावून दिल्या, इंजेक्शनांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून दिल्या. अपराधी माणसासारखा सेवाभावी कुणी नसतो. उल्हासला एकदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून त्यांचा मणका उभा राहणार आहे का? उगीच त्यांनाही त्रास." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते लगेच मानलं. ऑफिसात मात्र मी फार शूर झाले. ती तळटीप तक्त्याच्या वर, ठळक अक्षरांत यायला हवी म्हणून भांडले. अनिश नावाचा सहकारी म्हणाला, "मॅम, इतना क्यों सीरियस हो रही हैं?" मी त्याला मोठं भाषण दिलं. तिथे माझं काही जाणार नव्हतं.

औषधं लागू पडली. फेब्रुवारीच्या शेवटी रक्ताचे आकडे सुधारले. शेडगे कमरेला पट्टा बांधून, वॉकर धरून गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. हा आजार पुरता जात नाही, पण बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. पाठ मात्र तशीच राहणार होती. मी मनात म्हटलं, चला, निभावलं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी नेहमीसारखी गेले. शेडगे आतल्या खोलीत उशांना टेकून पेपर वाचत होते. गिरिजानं चहा ठेवला आणि माझ्यासमोर बसली, दोन्ही हात पदराखाली.

"राजवीरच्या बायकोला एप्रिलची तारीख दिलीय," ती म्हणाली.

"अरे वा! मग तुमची गडबड सुरू झाली असेल."

"माझी कसली? ती माहेरी जाणार, लातूरला. तिची आई करील सगळं." मग म्हणाली, "राजवीर ह्यांना म्हणाला, आईच्या हातात बाळ द्यायची माझी हिंमत होत नाही."

ती रडली नाही. चहा उतू जाईल म्हणून उठली, गॅस बारीक केला आणि परत येऊन तशीच बसली, हात पदराखाली. तिनं दुसऱ्यांची किती पोरं पायावर घेतली होती, आणि आता स्वतःच्या नातवंडाला हात लावायचा नव्हता. मी ते चार महिने कशाला जपत होते? पाटीवरचं एक अक्षर. सोसायटीतले लोक शुगर विचारतात, ती मजा.

"गिरिजाबाई," मी म्हटलं. "मी हलक्या हातानं म्हटलं नव्हतं. मी दणकून म्हटलं होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तुम्हाला आठवतंय?"

"हळदीकुंकवाला म्हटला होतात. मला चांगलं आठवतंय."

"मग राजवीरला तसं का सांगितलंत?"

"तुम्ही समोर उभ्या होतात, ताई. भेटायला आलेल्या माणसाला असं उघडं पाडायचं का? मला वाटलं, मागाहून तुम्ही स्वतःच बोलाल. त्या रविवारी वाट बघितली. पुढच्या रविवारीही बघितली. तुम्ही सूप आणायचात, बसायचात, जायचात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मग वाट बघायची सोडली."

मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. बाकाचं, मटारांचं, अमेरिकेतल्या लोकांचं, लाखात एखाद्याचं. तिला चिठ्ठीबद्दल काहीच माहीत नव्हतं. ती उठली आणि आतल्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कॅन्सरची चिठ्ठी घेऊन ताईंकडे गेला होतात? आणि मला बोलला नाहीत?"

शेडग्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, घर ते केवढं. "मॅडमवर कशाला ढकलायचं," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो. नाही म्हणणारं कुणीतरी पाहिजे होतं मला. डॉक्टरची चिठ्ठी होती, मी जायला पाहिजे होतं."

"तुम्ही घाबरला होतात हो, पण मला तर माहीत होतं ना!" मी म्हटलं. मी जवळजवळ ओरडले. त्यांच्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी संताप आला.

गिरिजा माझ्याकडे वळली. "तेव्हा गेले असते, तर मणके राहिले असते?"

"बहुतेक राहिले असते."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे त्या वेळी आजार किती पसरला होता ते सांगता येत नाही, पण साधारणपणे लवकर निदान झालेल्या रुग्णांमध्ये..."

"आकडे नको, ताई."

तिनं फळीवरचा शेडग्यांचा फोन घेतला. आकडे एकेक करून दाबले आणि स्पीकर लावला. बराच वेळ रिंग वाजली. शेडगे काही बोलणार होते, तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. चार महिन्यांत तो हात मी पहिल्यांदा असा ठाम वर गेलेला बघितला.

"हां, बाबा," तिकडून राजवीर म्हणाला.

"बाबा नाही, मी आहे. साधनाताईंना तुला काही सांगायचंय." तिनं फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. चिठ्ठीपासून दणकून या शब्दापर्यंत, हॉस्पिटलातल्या सफरचंदांपर्यंत, एक गोष्ट न गाळता. मला वाटलं, फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग मला शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबून राहिले, तेवढं तरी त्यानं करावं असं मला वाटत होतं.

"आई आहे का तिथं?" त्यानं विचारलं.

"आहे रे," गिरिजा म्हणाली.

"आई, माझं चुकलं."

एवढंच म्हणाला. गिरिजानं फोन माझ्याकडून घेतला, कानाला लावला आणि "असू दे, असू दे" करत आत गेली. पलंगावर शेडग्यांच्या शेजारी बसली. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काही वेळानं तिनं तिचा हात त्यांच्या हातावर ठेवला. मी बाहेरच्या खोलीत एकटीच उभी होते. चहा उतू जाऊन गॅस विझला होता, मी बटण बंद केलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्याचं सगळ्यात कमी चुकलं होतं, त्यानं ते दोन शब्द लगेच म्हटले होते. मी इतकं सगळं सांगितलं होतं, तारखांसकट, कारणांसकट. ते दोन शब्द मात्र अजून म्हटलेच नव्हते.